नर्सबाईंचं बोट

४ जून १९७४
आले एकदाची नोकरीवर! सांगलीहून एस.टी.नं पलूस, तिथून बैलगाडीनं गाव. विश्रामबागेत आई डोळे पुसत होती, मी मात्र गाडीभर गुणगुणत आले. उपकेंद्र म्हणजे उसाच्या कडेला दोन खोल्या, पण भिंतींना ताजा चुना, नवा स्टोव्ह आणि दारावर पाटी: कु. चारुशीला सोवनी, परिचारिका. गावच्या बायका खिडकीतून बघून गेल्या, जशी काही सर्कसच आलीय.

इथली सुईण बनाबाईही आली. सत्तरीची, नखांत चुलीची राख. जागरण झालं की माझ्या ओठावर तापाचे फोड उठतात, तसे आताही उठलेत. ते निरखून म्हणाली, खपली पडस्तोवर बाळंतिणीच्या खोलीत जाऊ नगासा. प्रमाणपत्र माझ्याकडे आणि अक्कल ही शिकवणार. मी हसून तिला वाटेला लावलं.

१२ जून
पहिलं बाळंतपण, गुंडाच्या बायकोचं. मुलगा, वजन छान. बनाबाईला मी ओसरीवरच बसवलं.

मग इथला अडाणीपणा सुरू झाला. ज्याच्या बोटानं पहिला मध चाटवावा, मूल त्याच्यासारखं निघतं म्हणे. सासूनं वाटी माझ्यापुढेच धरली, आवं, तुमच्यावाणी शिकलेलं निगू द्या. मूर्खपणा आहे सगळा. पण खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. नखं कुरतडायची माझी जुनी खोड, त्यानं उजव्या तर्जनीला नखुर्डं झालंय. पट्टी सोडली आणि चाटवला. पोरानं बोट चांगलं चोखलं.

१६ जून
नाथाजीच्या घरी मुलगी. पुन्हा वाटी, पुन्हा माझं बोट. बनाबाईनं चारचौघांत माझं मनगट धरलं. नखाभोवती बारीक पाण्याचे फोड आलेत, ते दाखवून म्हणाली की ह्ये नखुर्डं न्हाई, व्हटावरचंच हाय, लेकराच्या तोंडात घालू नगासा. मला सांगते ही, मला. मध मी चाटवलाच. वर सरपंचांना सांगून तिला बाळंतिणींच्या घरी पाऊल टाकायची बंदी करवली.

शेजारची विजयमाला तेवढी समजूतदार. नवरा मानसिंग जम्मूला पलटणीत. आधीची दोन्ही मुलं पोटातच गेली. हे तिसरं सुखरूप हातात देईन, असा मी तिला शब्द दिलाय.

२२ जून
गुंडाचा मुलगा गेला. दोन दिवस दूध ओढत नव्हता. तोंडाभोवती फोड, मग आकड्या. बनाबाईनं चोरून आपलं घाणेरडं तेल लावलं असणार, असं मी सांगितलं. लोकांना लगेच पटलं. संध्याकाळी तिच्या दारावर दगड पडले. पडू देत, त्याशिवाय सुधारायची नाहीत ही माणसं.

२६ जून
पहाटे विजयमालाला मुलगा झाला. मध माझ्याच बोटाचा हवा म्हणून तिनं हट्ट धरला. दिला.

दुपारी नाथाजी आला. त्याच्या मुलीला तसेच फोड उठलेत. बनाबाईनं त्या मुलीला हातसुद्धा लावला नव्हता. मीच लावू दिला नव्हता.

२८ जून
नाथाजीबरोबर मुलीला घेऊन मिरजेला गेले. डॉक्टरांनी मुलीला तपासलं. मग नाथाजीला बाहेर पाठवलं आणि माझं बोट बघितलं. हर्पिस, म्हणाले, ओठावरच्या तापाच्या फोडांचाच विषाणू. मोठ्यांना दोन-तीन आठवड्यांचा त्रास, नवजात बाळाच्या मेंदूत शिरतो, त्यावर औषध नाही. एवढंही शिकवलं नाही का तुम्हाला? किती तुच्छतेनं बघत होते. मी बनाबाईकडे बघते तसंच —

आणखी कुठल्या बाळाला हे बोट लागलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कुठल्याच नाही.

३० जून
विजयमालाचा मुलगा दूध पितो. आज त्याची पाचवी. मला पाटावर बसवून खण दिला. सांगायला तोंड उघडलं होतं. पण सांगून काय — औषधच नाही. मग दगड माझ्या दारावर —

२ जुलै
पितो. रडतोही जोरात. कदाचित ह्याला नाही —
नाथाजीची मुलगी मिरजेतच गेली. उशिरा आणलंत, असं मी त्याला म्हटलं.

४ जुलै
बाळाच्या खालच्या ओठाशी एक फोड. विजयमालानं विचारलं, कशाचं ओ ह्ये. घामोळं, म्हटलं मी. घामोळंच असेल.

५ जुलै
चार. अंग गरम.
तिची सासू म्हणाली बनाबाईला बोलवू. विजयमालाच नको म्हणाली, नर्सबाईंनी बजावलंय.

६ जुलै
सकाळपासून दूध सोडलंय. आज सांगणार, नक्की —

ती आली आहे. बाळ मांडीवर टाकून माझ्यासमोर बसली आहे. वाटी आणली आहे. म्हणते, तुमच्या बोटाचा मध एकदा ग्वाड लागला हुता त्याला, पुन्यांदा द्या, मग पिईल त्यो. मी मान वर करत नाही. लिहीत राहिले तर हात मोकळा नाही. मी नको म्हटलं. ती पाया पडते आहे. बाळाचा एक हात झटके देतो आहे. लिहीत राहायचं — तिनं माझं मनगट धरलं — विजयमाला, सोड, ऐक, ह्याच बोटानं मी तुझ्या —