ढिगावरची नाचणी

आई, तुझं वावर परत मिळालं. म्हणजे जागा मिळाली. डोंगरमाथ्यावरचं ते एवढंसं नाचणीचं रान बॉक्साइटच्या खाणीला भाड्यानं गेलं, तेव्हा तू एकच अट घातली होतीस. वरची माती वेगळी काढायची आणि काम संपलं की तीच वर पसरून द्यायची. खाणवाले हो म्हणाले. खड्ड्याच्या कडेला मातीचा ढीग लागला आणि पहिल्याच पावसाळ्यात तू त्याच्यावर चढून नाचणी फेकलीस. मुकादम धावत आला. "मावशी, उतरा खाली! ह्यो ढीग खाणीचा हाय." तू वाकलेलीच. "जागा तुमची भाड्यानं, माती माझीच की. नुसती निजवून ठिवू व्हय तिला? निजली की मेली." तो हसत निघून गेला. मी खाली उभी, लाजेनं अर्धी झालेली. लग्नाच्या वयाची पोरगी मी, आणि आई अशी सगळ्यांदेखत ढिगावर. त्यातून थोडीफार नाचणी निघायची, आणि तिची आंबील तू मला हटकून पाजायचीस.

पुढं मी लग्न होऊन इचलकरंजीला आले. यंत्रमागाच्या खडखडाटाची सवय झाली. खाणीचं काम मात्र मारुतीच्या शेपटासारखं लांबतच गेलं, आणि मधेच तू गेलीस. आपल्याकडं आता बरेच जण रक्षा नदीत सोडत नाहीत, स्वतःच्या वावरात टाकतात आणि वर झाड लावतात. तूही तसंच सांगून ठेवलं होतंस. पण तुझं वावर तेव्हा खड्डा होतं. म्हणून मी आणि मामा ढिगावर चढलो आणि तुझी रक्षा तिथं पसरली. झाड लावलं नाही, कारण ढीग हलायचा होता. मामा म्हणाला, "रड की पोरी." मला रडू येईना. उन्हानं पाय भाजत होते, तेवढं आठवतं.

खड्डा बुजवायला घेतल्याचा निरोप आला. एसटीनं पोचते तो दुपार झालेली. ढीग जागेवर नाही. जवळचा म्हणून तोच आधी खड्ड्यात ढकललाय, आणि लांबून आणलेला मुरूम डंपर त्याच्यावर ओततायत. बुलडोझरवाल्याला विचारते, तर तो म्हणतो, "ताई, खड्डा भरा एवढंच सांगितलंय. ती माती वर पायजे हुती व्हय?" मी व्हय म्हणते. तो मशिन बंद करतो. "मग आता?" "काय न्हाय. चालू द्या." आई, खरंच काही वाटत नव्हतं. परतीची गाडी कधी आहे, एवढंच डोक्यात होतं.

नंतर मी तिथं नाचणी पेरून पाहिली. वीतभर येते आणि पिवळी पडते. यंत्रांनी दाबून मुरूम फरशीसारखा झालाय, पाणी आत जातच नाही. मामा म्हणाला, "काजू लाव. खोल खड्डा काढ, खालची माती लागू दे." परवा गडी लावून पहिला खड्डा काढला. कमरेएवढं खणल्यावर मऊ लागलं. मी आत उतरले, मूठभर माती नाकाशी नेली. पाऊस पडून गेल्यावर तुझ्या हातांना जो वास यायचा, तो शोधत होते. मामा वरून विचारत होता, "हीच न्हवं?" मी म्हणाले, "हीच." रोप लावलं, पाणी घातलं. मामा बांधावर बसून डोळे पुसत राहिला.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुला सांगते. त्या मातीला कसलाच वास नव्हता. मी ती ओळखली नाही.