कुंभवलीची वाडी आणि भगवंतची पाटी

मी, राहीबाई विश्राम चुरी, राहणार कुंभवली, तालुका पालघर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. माझा मुलगा गावभर सांगतो की आईचं डोकं फिरलंय. फिरलंय खरं, पण रागाने. अक्कल ठिकाणावर आहे.

१. रस्त्यालगतची रोपवाटिकेची वाडी मी माझ्या पाटल्या मोडून माझ्या नावे घेतली. यजमान कै. विश्राम यांनी तिथे चिकूची कलमं बांधली. अणुकेंद्राच्या वसाहतीतल्या बाया गुलाब, क्रोटन न्यायला येत. त्यांतल्या पद्माबाईंनी पितळी फिल्टर आणून मला त्यांच्या दक्षिणेकडची कॉफी शिकवली आणि आमच्या मांडवाखाली टेबलं आली. मुलगा भगवंत तेव्हा म्हणायचा, "आई, लोक हसतात गो. चुरींची बाय उष्टे कप धुते." धंदा चालल्यावर त्यानेच दाराशी पाटी ठोकली, 'भगवंत कॉफी हाऊस'. या भगवंताने आजवर एक कप विसळलेला नाही.

२. सदर वाडी, मांडव, कॉफीची भांडी, कलमाचे चाकू आणि मधलं जुनं चिकूचं झाड, ज्याच्या फांद्यांवर आमची सगळी कलमं होतात, हे सर्व माझी सून सौ. हिरा हिला मिळावे. भगवंत तिचा नवरा आहे, तो राहो. वाडीचा मालक तो होणार नाही.

३. माझ्यामागे कोणी हिराला बोल लावू नये म्हणून कारण लिहिते. खिरणीच्या रोपाला चिकूची फांदी बांधतात आणि सांधा एकजीव होईपर्यंत ती झाडापासून तोडत नाहीत. भगवंतला आणखी टेबलं मांडायला जागा हवी होती. त्याने कच्ची कलमंच कापून विकली. मी ओरडले, तर म्हणाला, "लोकांना काय कलतंय? हिरवं पान दिसलं का झालं." गिऱ्हाइकांच्या अंगणात चिकू वाळला आणि खालची खिरणी माजली. पद्माबाईंनी तीन वर्षं पाणी घातलं, मग डहाळी घेऊन आल्या. "माई, ये कैसा चिकू है? फूल भी नहीं आता." पान पाहताच मी ओळखलं, ते खिरणीचं होतं. जिने हात धरून मला कॉफी शिकवली, तिच्याच दारात माझ्या वाडीने लबाडी लावली! भगवंत आत बसून राहिला. हिरा बाहेर आली, त्यांच्या पाया पडली आणि चांगलं जुळलेलं कलम स्वतः नेऊन त्यांच्या अंगणात लावून आली. तेव्हाच माझं ठरलं.

४. भगवंतला ती पाटी द्यावी. खिळ्यांसकट.

५. रोपांच्या पिशव्यांत माती भरणाऱ्या मंगळीचं विहिरीजवळचं खोपटं कोणी हलवू नये. तिने भगवंतला तोंडावर सांगितलं होतं, "दादा, तू झाड नाय, खोटं इकलंस." त्या बोलण्याची ही बक्षिसी.

६. काल भगवंत एका गोडाऊनवाल्याला घेऊन आला. मी गिऱ्हाइकाला कॉफी देत होते आणि माझ्या डोळ्यांदेखत या दोघांनी फीत लावून जमीन मोजली. चिकूच्या बुंध्याला तोडायची खूण म्हणून चुना फासला. मला विचारलं नाही की माझ्याकडे पाहिलं नाही. मी काय मेले होते?

७. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर अंमलात येतं. मला तेवढी सवड नाही. आज सकाळीच किल्ल्यांचा जुडगा मी हिराच्या कमरेला खोचला. थोड्या वेळाने गोडाऊनवाला परत आला, मागे भगवंत. हिराने फाटक अर्धंच उघडलं. "जागा इकाची नाय. झाड घ्याचं असल तर आत या, नायतर वाट सोडा."

भगवंत म्हणाला, "अगो, मी हाय."

तिने त्यालाही तेच सांगितलं.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. वकिलांनी दोन ठिकाणी भाषा सौम्य करायला सांगितली, मी करू दिली नाही.

लिहून ठेवणार : राहीबाई विश्राम चुरी (सही)

साक्षीदार :
१. पुंडलिक धर्माजी राऊत, कुंभवली (सही)
२. देवू जिवल्या, नवापूर (अंगठा)

ठिकाण : कुंभवली
दिनांक : ९ डिसेंबर १९८९