चार कोअर आणि एक पूल

१२ मे, सोमवार
हिच्या कॉम्प्युटरच्या मशीनमध्ये चार कोअर, म्हणजे चार मेंदू, आहेत, पण सिस्टीमला एकच दिसतो. एक राबतो, तिघं बसून खातात. ही पुलांची ड्रॉइंग करते, त्यामुळे एकेका ड्रॉइंगला अख्खा दिवस जातो. नदीवरचा पूल शुक्रवारी द्यायचाय, नाहीतर पुढचं सगळं काम दुसऱ्याला. मी म्हटलं, कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, एक सेटिंग बदललं की चौघंही कामाला लागतील. ही म्हणाली, चालतंय ते चालू दे. घाबरट आहे. मी नाही.

१३ मे, सकाळी
ही बाहेर पडताच सुरुवात. सेटिंग सापडलं, 'हो' केलं. हातासरशी न कळणारा फापटपसाराही काढून टाकला. जुना कर्नल पुसला. परतीचे दोर कापल्याशिवाय माझ्या हातून काही होत नाही. बॅकअप घेतलाय. त्याच डिस्कवर, म्हणजे हाताशी राहील.

दुपारी
चार कोअर! एकाखाली एक चार ओळी आल्या. डोळे भरून आले. मग स्क्रीन थांबली. डिस्क सापडत नाही म्हणे. खाली 'पॅनिक'. फापटपसाऱ्यात डिस्क ओळखणारा ड्रायव्हर होता वाटतं.
घाबरलेलो नाही. घाबरलंय ते मशीन.

नंतर
बंद करून चालू केलं. तेच. डोळे मिटून चालू केलं. तेच.

संध्याकाळी
जिन्यात पावलं वाजली. मशीनवर चादर टाकली. ही म्हणाली, हे काय? म्हटलं, धूळ बसते. 'बरं' म्हणाली. एवढंच. भांडली असती तर परवडलं असतं.

१४ मे
ही सकाळीच वरच्या मजल्यावर आपल्या ताईंकडे गेली. दिवसभर आली नाही. कायमची गेली की काय?
रात्री आली. जेवताना सगळं सांगणार होतो, पण माणसाला चार घास सुखानं खाऊ द्यावेत. उद्या नक्की.

१५ मे
दुरुस्तीवाल्याला फोन. शनिवारी येतो म्हणाला. ड्रॉइंग शाबूत असेलही, म्हणाला. त्या 'असेलही'नं दरदरून घाम फुटला. हिचं काम गेलं तर ते मी घालवलं. भीती वाटतेय. खरंच वाटतेय.
ही पुन्हा वर. सांगायचं राहिलं.

१६ मे, शुक्रवार
सकाळी सगळं ओकून टाकलं. ही चप्पल घालत होती. म्हणाली, पूल कालच दिला. सोमवारी मी 'कर्नल' म्हटल्याबरोबर हिनं सगळं ताईंच्या मशीनवर नेऊन ठेवलं होतं. ते जुनं, एकाच कोअरचं.
जीव भांड्यात पडला. मग रागही आला. नवऱ्यावर विश्वास म्हणून काही असतो की नाही?
तरी आभार मानायला वर गेलो. ताईंना म्हटलं, मशीन फारच हळू दिसतंय, बघू का जरा?
ताई उठल्या. मशीनवर चादर टाकली. म्हणाल्या, धूळ बसते.