साखरेचा अठरा दिवसांचा अभ्यास

१० सप्टेंबर, बुधवार
२८ तारखेला सोसायटीत रक्ततपासणी शिबिर. उद्घाटनाला दोन शब्द मी बोलणार. विषय: आजार होण्याआधीच कसा रोखावा. योग्य माणूस निवडला. बावन्न वर्षांत एकदाही अ‍ॅडमिट नाही. रक्तही कधी तपासलं नाही, गरजच पडली नाही. विमला म्हणाली, भाषणाआधी स्वतःचं रक्त द्या, तुमच्या बाबांना शुगर होती. देणार. अठरा दिवस आहेत. दहावीला शेवटच्या पंधरा दिवसांत अभ्यास करून पास झालोय.

११ सप्टेंबर, सकाळी ५.४०
भांडुप स्टेशनपर्यंत चालत गेलो. येताना रिक्षा. शरीराला सवय हळूहळू लावावी.

१३ सप्टेंबर
चहातली साखर बंद. सोबत चार खारी. खारी गोड नसते.

१६ सप्टेंबर
बाबांचा म्हाळ. पानावर वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, खीर. बाबा गेले तेव्हा डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. शेवटची तीन वर्षं विमलाने त्यांना गोड दिलं नाही. आता तरी खाऊ देत. कावळ्याने वडा नेला, खिरीकडे बघितलं नाही. पातेल्यातल्या उरलेल्या दोन वाट्या मी संपवल्या. ती बाबांच्या नावाची खीर, माझ्या खाण्यात धरत नाही.

२० सप्टेंबर
हल्ली रात्री तीनदा लघवीला उठतो. पाणी भरपूर पितो म्हणून. चांगली सवय. श्रुतिका म्हणते हे लक्षण आहे. मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, त्या वर्षी सगळ्यांनाच सगळ्यांत लक्षणं दिसतात.

२५ सप्टेंबर
चालणं चार दिवस बंद, गुडघा. आता रिव्हिजन: तीन दिवस फक्त दुधी आणि ताक.

२८ सप्टेंबर, रविवार
उपाशीपोटी बोटातून रक्त. ११२. शंभरच्या आत हवी म्हणे. म्हणजे बारा मार्क जास्तच. हातातूनही एक नळी भरून घेतली, त्याचा रिपोर्ट उद्या. भाषण झकास झालं. शिस्त असली की आजार दारातूनच परत जातो, असं म्हणालो. टाळ्या. दुसऱ्या मजल्यावरच्या शकुवहिनींनी वाक्य लिहून घेतलं.

२९ सप्टेंबर
रिपोर्ट आला. श्रुतिकाने वाचला. त्यात आणखी एक आकडा, ८.६. म्हणाली, बाबा, ही मागच्या तीन महिन्यांची सरासरी असते, आणि ही डायबेटिसची आहे. मी विचारलं, गणपती धरून? म्हणाली, गणपती धरून. खिरीचं मी विचारलं नाही.

विमलाने मला खिडकीपाशी बसवलं, माझे पाय मांडीवर घेतले आणि एकेक बोट दाबून बघत राहिली. बाबांची बघायची तसंच. मी म्हटलं, मोज, दहाही आहेत. ती हसली नाही. तेव्हा मला भीती वाटली, खरी.

उद्या डॉक्टर. डिसेंबरअखेर परत रक्त द्यायचं.

कालच्या शिबिरातले दोन पेढे शर्टाच्या खिशात होते. सकाळी खाल्ले. लिहून ठेवतो. इथे नाही लिहिले तरी तिथे निघणारच आहेत.