कडू लागेना

बर्लिन, ३ नोव्हेंबर १९०६

नाही म्हणजे नाही! माझ्या कामाला वेसेन्डॉर्फचा हात लागू देणार नाही. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावरचा, एक नंबरचा आगाऊ! "काय राडेमान, साखळी कुठवर आली? की अजून दोनच कड्या?" सगळे फिदीफिदी हसले. अमिनो आम्लं एकाला एक जोडत सातवर न्यायची आहेत. माझी मी नेईन. पदवी त्यावरच आहे.

११ नोव्हेंबर

फॉस्फरस क्लोराइडची बाटली फुटली. धूर नाकातोंडात! घसा सोलून निघाला. कुणी विचारलंसुद्धा नाही — मी तरी कुणाशी बोलतो म्हणा!

२ डिसेंबर, रविवार

घरमालकीण झाबेलबाई दाराबाहेर ताट ठेवतात, टकटक करतात आणि निघून जातात. त्यांच्या हाताला हल्ली चवच नाही. आज दिवसभर एका माणसाशी बोललो नाही. रविवार नको वाटतो.

१९ डिसेंबर

सातवी कडी! पांढरीशुभ्र पूड! आमच्याकडे नवं काही हाती आलं की आधी जिभेवर. ही साखळी कडूच लागायला हवी. टेकवली — काही नाही. पुन्हा टेकवली. खडू!

प्रोफेसरसाहेब फेरीवर आले. "कडू?"

"नाही साहेब. चवच नाही."

"मग साखळी झालीच नाही. टाकून द्या." स्वतः चाखलीही नाही. माझ्या शब्दावर विश्वास!

वेसेन्डॉर्फ हळूच म्हणाला, "अहो थांबा, मी बघतो ना चाखून." म्हणे मी बघतो! त्याच्या देखत सगळी पूड मोरीत ओतली, वर पाणी सोडलं.

खोलीवर येऊन रडलो. लाज कसली, कोण वाचणार आहे!

२४ डिसेंबर

झाबेलबाईंनी चक्क त्यांच्या टेबलावर बोलावलं. "सणाचं कुणी एकटं जेवतं का? बसा मुकाट्यानं!" समोर माणूस बसलंय याच आनंदात मटाराच्या सूपच्या दोन वाट्या रिचवल्या. मग त्यांनी पहिला घोट घेतला आणि चमचाच टाकला. "अगं बाई! मीठ दोनदा पडलं की! अहो, गिळलंत कसं हे?"

मी हसलो. आवडलं म्हणालो.

२४ डिसेंबर, पुन्हा

मीठदाणीतलं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं. खडू! त्या बाटलीच्या धुरानं जीभच मेलीय माझी. पूड कडू असेल — आणि मी वर पाणीसुद्धा सोडलं.