आप्पांनी माघार घेतली न्हवती

भिवंडी,
फेब्रुवारी १९८४

ती. आक्काच्या पायांवर भरमाचं डोकं.

मी बरा हाय. खानावळीत भाकरी न्हाय, पण पोट भरतंय. आईला सांग, खोकला थांबला.

आप्पा अजून घराबाहेर पडत न्हाईत का गं? गेल्या निवडणुकीला आप्पा हुबे होते, तवा मतदानादिवशी सकाळी त्या छापखानेवाल्या वासुदेवानं पेपरात ‘आप्पांनी माघार घेतली’ असं धडधडीत खोटं छापलं. वडगावातल्या आपल्याच माणसांनी ते खरं धरलं आणि मतं त्याच्या मेव्हण्याला टाकली. मी विसरलो न्हाय.

आता वासुदेव सोता हुबा हाय म्हणं. हितं कापडाच्या मागावर वडगावची लई पोरं हायत, नावं अजून तिकडच्याच मतदार यादीत. समद्यांना मतदानाला आणायला ट्रक ठरवलाय. मालक म्हणाला, “माग बंद ठेवून गेलास तर परत येऊ नको.” म्हटलं, “न्हाय येत.”

आईला मात्र रजा मिळाली म्हणून सांग.

वासुदेव पडणार. मग सोता पडल्याची बातमी त्याला सोताच्याच पेपरात, सोताच्याच हातानं अक्षरांचे खिळे जुळवून छापावी लागंल. तवा मी छापखान्याच्या दारात हुबा राहून बघणार हाय.

तुझ्या मायेचा,
भरमा