हिरडी धरणारा स्क्रू

४ फेब्रुवारी

धरलं! खाचा पाडलेल्या टायटॅनियमच्या चकतीवर शंभर पेशींपैकी एकाहत्तर टिकल्या. साध्या चकतीवर बावीस. सलग पाचव्यांदा तेच. उड्या मारायला हव्या होत्या. मी स्टुलावर बसून डबा उघडला आणि गार जेवण जेवले.

सरांना आकडे दाखवले. "छान. अजून एकदा करा." चौदा महिन्यांत या माणसाच्या तोंडून दुसरं वाक्य ऐकलेलं नाही.

७ फेब्रुवारी

मावशीने फोनवर विचारलं, "तू नेमकं करतेस काय गं तिथे?" म्हटलं, दाताऐवजी जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात ना, त्याला हाड धरतं, पण हिरडी धरत नाही. नुसती टेकून बसते, रुसलेल्या पाहुण्यासारखी. मग फटीतून जंतू आत, हाड झिजतं, स्क्रू डुगडुगतो. म्हणून मी स्क्रूच्या मानेवर लेझरने केसाहून बारीक खाचा पाडते. हिरडीच्या पेशींना पाय रोवायला.

"म्हणजे पायऱ्या," म्हणाली. बास! एवढं सोपं मला एकाही अर्जात लिहिता आलं नाही.

तिचे दोन स्क्रू पडले. पहिला चार वर्षांपूर्वी, दुसरा दीड वर्षापूर्वी. एका बाजूनेच खाते, सफरचंद किसून. दातांच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "हाड उरलंय ते एकाच खेपेपुरतं." आई गेल्यावर मला जिने वाढवलं, तिच्या तोंडात साधा स्क्रू टिकू नये! या कामात मी पडले ती त्या रागाने. दुसरं काही नाही.

११ फेब्रुवारी

माणसांवरच्या चाचणीला दहाजण हवेत. नऊ मिळाले, पण पहिलं व्हायला एकही तयार नाही. सगळ्यांना दुसरा नंबर हवा! मावशी म्हणाली, "माझं लिही. तुझा स्क्रू म्हटल्यावर मला कसली भीती?" २० मार्च ठरली.

१२ फेब्रुवारी

कंटाळा. मान दुखते.

१९ फेब्रुवारी

काचसामान धुणाऱ्या काकू आज माझ्या चकत्या पुसत होत्या. पंचवीस वर्षं हेच करतात, विज्ञानाचं ओ की ठो कळत नाही असं स्वतःच सांगतात. म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या खाचावाल्या रोज सकाळी ताज्या करता. या साध्या मात्र कपाटातल्या त्याच डब्यातल्या. दिवाळी होऊन गेली तरी तो डबा संपेना!"

हसले. जागेवर येऊन बसले. मग हसू गेलं.

ताज्या टायटॅनियमवर पाण्याचा थेंब टाकला की पसरतो. चार-पाच आठवडे पडून राहिलं की हवेतलं काहीबाही त्यावर बसतं आणि थेंब मण्यासारखा उभा राहतो. हे मला माहीत आहे. विद्यार्थ्यांना मीच शिकवते! आणि तरीही माझ्या लाडक्या चकत्या रोज नव्या, न्हाऊमाखू घालून. आणि साध्यांना म्हटलं, त्यांना काय करायचंय ताजं? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

२० फेब्रुवारी

साध्या चकत्या आज सकाळी नव्याने केल्या. खाचावाल्या काही ताज्या घेतल्या, काही डिसेंबरातल्या. पेशी लावल्या. कुणाला बोलले नाही.

२४ फेब्रुवारी

ताजी खाचावाली – सत्तर.
ताजी साधी – अडुसष्ट.
जुनी खाचावाली – चोवीस.

तीनदा मोजलं. खाचांनी काहीही केलेलं नाही. जे केलं ते ताजेपणाने. चौदा महिने!

माणसांआधी सशांवर स्क्रू बसवून पाहिले होते, तिथेही हेच झालं असणार. ताजे होते ते माझे आणि जुने होते ते साधे.

२५ फेब्रुवारी

पेशंटसाठीचे स्क्रू डिसेंबरात पाकीटबंद झालेत. म्हणजे मावशीच्या तोंडात शिळा स्क्रू जाणार. शेवटच्या उरलेल्या हाडात.

२८ फेब्रुवारी

अजून सांगितलेलं नाही. रोज सरांच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. स्वतःला सांगते, आणखी एकदा मोजू. लाज वाटते. खूप थकले आहे, पण थकवा हे काही कारण नाही.

मावशीचा फोन. "ऑपरेशनच्या दिवशी रजा टाकशील ना?" हो म्हटलं.

३ मार्च

सांगितलं. मला वाटलं सर ओरडतील. त्याऐवजी शांतपणे म्हणाले, "जुना खाचावाला स्क्रू जुन्या साध्यापेक्षा वाईट तर नाही ना? बाजारात सगळे जुनेच बसतात. मग थांबायचं कशाला?"

ही पळवाट मीही आठवडाभर उराशी धरून बसले होते. त्यांच्या तोंडून ऐकली तेव्हा घाणेरडी वाटली. म्हटलं, "सर, आपण लोकांना हिरडी धरेल असं लिहून दिलंय. ती धरणार नाही."

त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मग, "लेखी द्या. तारीख पुढे ढकलतो." मी दारात पोचले तेव्हा म्हणाले, "तुमचं कौतुक करावंसं वाटत नाहीये आत्ता." निदान नवीन वाक्य!

४ मार्च

खाचांवरचा, छापायला पाठवलेला पेपर मागे घेतला. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, "गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?" कुणालाच नाही. काकूंनासुद्धा नाही.

रविवारी मावशीकडे जायचं. सरांपेक्षा ते अवघड आहे. काय सांगू – तुझ्यासाठी पायऱ्या केल्या आणि त्या पायऱ्याच नव्हत्या?

८ मार्च, दुपारी

सांगितलं. सगळं, चकतीपासून पाकिटापर्यंत. ती कणभरही रागावली नाही. उठून आतून गोळ्यांची पाकिटं आणली आणि माझ्यासमोर ठेवली.

तिला मधुमेह आहे. आठ वर्षांपासून. बऱ्याचदा गोळ्या घेतच नाही. साखर ताब्यात नसली की हाड स्क्रूला धरत नाही, म्हणून चाचणीत मधुमेही घेत नाहीत; चाचणीसाठी रक्त द्यायला तिने शेजारणीला पाठवलं होतं, स्वतःच्या नावाने. "आधी चहातली साखर बंद कराल म्हणून लपवलं. मग तुला पहिला पेशंट मिळेना म्हणून. आता तू खरं बोललीस, तर मी कशाला खोटं बोलू?"

तिचे दोन्ही स्क्रू कशाने पडले, हे मी चौदा महिने टायटॅनियमला विचारत होते.